खुल्या जागेवर जिंकलो, राखीव जागेवर का हरतो?

मागे एका १४ एप्रिलच्या रात्री अमरावतीच्या इर्विन चौकात आम्ही उभे होतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून मिरवणुकीतली पोरे चहाच्या गाडीवर जमली होती. त्यातल्या एकाने अगदी साधा प्रश्न विचारला. "काका, अमरावती तं आता रिझर्व हाये म्हन्ता. मंग आपल्या पक्षाचा खासदार काहून येत नाही?" दर्यापूरकडचे एक जुने कार्यकर्ते जवळ होते. ते म्हणाले, "ओपन होती तवा आला होता ना बापू. दादासाहेब गवई." पोरगा लगेच म्हणाला, "मंग आता काहून नाही?" यावर कोणीच काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही.

तेव्हा न दिलेले उत्तर आज द्यायचा प्रयत्न करतो. त्यासाठी रा. सू. गवई यांची संसदीय कारकीर्द समोर ठेवली पाहिजे. समोर ठेवायची ती हार घालण्यासाठी नव्हे आणि दगड मारण्यासाठीही नव्हे. आपल्या चळवळीत नेत्याच्या वाट्याला बहुधा या दोनच गोष्टी येतात. त्याचा जमाखर्च कोणी मांडत नाही. आम्ही तो मांडू पाहतो.

रामकृष्ण सूर्यभान गवई यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ चा. गाव दारापूर, तालुका दर्यापूर. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही, असा हा मुलूख. अशा गावच्या महारवाड्यातून निघालेला माणूस १९६४ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत पोहोचला आणि १९९४ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षे, तेथे राहिला. १९६८ ते १९७८ उपसभापती, १९७८ ते १९८२ सभापती, १९८६ ते १९८८ विरोधी पक्षनेता. पुढे १९९८ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर. २००० ते २००६ राज्यसभेवर. २००६ ते २००८ बिहारचे आणि २००८ ते २०११ केरळचे राज्यपाल. २५ जुलै २०१५ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. राज्याचे वरिष्ठ सभागृह, देशाच्या संसदेची दोन्ही सभागृहे आणि दोन राजभवने एकाच माणसाने पाहिल्याची उदाहरणे आंबेडकरी चळवळीत फार थोडी सापडतील.

ही वाट वऱ्हाडात आकाशातून पडलेली नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब अमरावतीला अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते, ते अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाच्या प्रश्नावर. त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात गणेश आकाजी गवई अस्पृश्यांच्या वतीने बसत. आडनाव तेच, जिल्हा तोच, पण भूमिका वेगळी. १९३२ च्या राजा-मुंजे कराराच्या वेळी ते बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला उभे राहिले. म्हणजे कायदेमंडळात जाणे आणि चळवळीचे होऊन कायदेमंडळात जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वऱ्हाडाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. रा. सू. गवई निळ्या झेंड्याखालून गेले आणि अखेरपर्यंत रिपब्लिकन नावानेच राहिले. काँग्रेसशी त्यांची मैत्री होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पण ते काँग्रेसमध्ये गेले नाहीत. एवढे तरी त्यांच्या विरोधकांनी मान्य करावे.

परिषदेतील तीस वर्षांचे मोल काय? वि. स. पागे सभापती असताना गवई दहा वर्षे उपसभापती होते. ज्यांना महाराष्ट्र रोजगार हमीचे जनक म्हणून ओळखतो तेच हे पागे. त्यांच्यानंतर १९७८ मध्ये सभापतिपदाच्या खुर्चीवर दारापूरचा माणूस बसला. त्याच वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. वरिष्ठ सभागृहाचे सभापती तेव्हा गवई होते. ठराव झाला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. ठरावाला अंमल मिळण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले आणि तोही नामविस्ताराच्या रूपाने. त्याच १९९४ मध्ये गवईंची परिषदेतील कारकीर्द संपली. सभागृहाच्या अध्यक्षपदावर आपला माणूस असला तरी गावच्या चावडीवर आपला माणूस नसेल तर ठरावाचा कागद सोळा वर्षे कागदच राहतो, हा धडा या तारखा आपल्याला देतात.

आता विधान परिषदेची रचना पाहा. तेथे सामान्य मतदार थेट मत देत नाही. आमदार, जिल्हा परिषदा व नगरपालिकांचे सदस्य, पदवीधर आणि शिक्षक हे मत देतात, काहींना राज्यपाल नेमतात. ज्या पक्षाकडे आमदारांचे आणि नगरसेवकांचे पुरेसे बळ नाही, त्याला तेथे जायचे तर दुसऱ्याच्या मतांवर जावे लागते. दुसऱ्याची मते घेणाऱ्याला दुसऱ्याचा शब्दही सांभाळावा लागतो. दादासाहेब गायकवाडांनी साठीच्या दशकात काँग्रेसशी जो समझोता केला, त्याची ही पुढची पायरी होती. गायकवाडांच्या मागे भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे बळ होते, त्यामुळे त्यांच्या समझोत्याला वजन होते. १९७१ च्या अखेरीस गायकवाड गेले आणि पक्षाच्या नावापुढे कंसात नेत्यांची नावे वाढत गेली. खोब्रागडे गट, कांबळे गट, गवई गट. आंदोलनाचे बळ ओसरले आणि समझोता तेवढा राहिला. यात एकट्या गवईंना दोष देणे अन्यायाचे होईल. पण गटाचे नाव त्यांचेही होते, हे विसरणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल.

याच पार्श्वभूमीवर १९९८ चे वर्ष सोन्यासारखे उजळून दिसते. नव्वदच्या दशकाच्या मध्यास समाजाच्या रेट्यामुळे गटनेत्यांना एकत्र यावे लागले होते. रस्त्यावरचा सामान्य माणूस ऐक्यासाठी अक्षरशः अडून बसला होता. फेब्रुवारी १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसशी युती केली आणि महाराष्ट्रातून चार खासदार निवडून आले. अमरावतीतून रा. सू. गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. यातला एकही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव नव्हता. चारही जागा खुल्या होत्या! वऱ्हाडात तर अमरावती आणि अकोला हे शेजारचे दोन जिल्हे एकाच वेळी निळे झाले. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या गाडीत त्या दिवसांत जी छाती फुगवून माणसे बसत, ती आम्ही पाहिली आहेत.

ज्या अमरावतीतून पंजाबराव देशमुख निवडून येत, ज्या अमरावतीने १९८९ मध्ये कम्युनिस्ट सुदाम देशमुखांना आणि १९९१ मध्ये प्रतिभाताई पाटलांना पाठवले, त्याच अमरावतीने एका बौद्धाला खुल्या जागेवरून दिल्लीला पाठवले. शिवसेनेचे विद्यमान खासदार अनंत गुढे यांना हरवून पाठवले. हे केवळ आपल्या मतांवर झाले काय? नाही. बौद्ध, मुस्लिम, काँग्रेसचा कुणबी आणि माळी, मेळघाटातला आदिवासी अशी बेरीज जमली म्हणून झाले. आणि ही बेरीज एकतर्फी नव्हती. राज्यातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला ३३ आणि रिपब्लिकन पक्षाला ४ मिळाल्या. त्या ३३ जागांत आपली मते किती ठिकाणी निर्णायक ठरली असतील याचा विचार करा. त्यांनी आपल्याला चार जागी मते दिली, आपण त्यांना राज्यभर दिली. देणारा-घेणारा बरोबरीचा असला की सौदा असा होतो. आणि बरोबरी आली ती ऐक्यामुळे.

त्या चौघांच्या मतांचे मोल वर्षभरातच देशाने पाहिले. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. सरकारच्या विरोधात पडलेल्या त्या २७० मतांत रिपब्लिकन पक्षाची मते होती. एका मताने सरकार पडते तेव्हा विरोधातले प्रत्येक मत स्वतःला निर्णायक म्हणवून घेऊ शकते. मग अमरावतीचे आणि अकोल्याचे मत तसे का म्हणवून घेणार नाही?

पण नंतर काय झाले? लोकसभा विसर्जित झाली. गवईंची लोकसभेतील कारकीर्द जेमतेम तेरा महिन्यांत आटोपली. १९९९ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेस फुटली आणि त्याआधी-मागे आपणही फुटलो. अमरावती पुन्हा अनंत गुढे यांच्याकडे गेली. चिमूर गेले, मुंबई उत्तर मध्य गेले. आठवले पंढरपुरातून आले, प्रकाश आंबेडकर अकोल्यातून आले, पण वेगवेगळ्या झेंड्यांखाली. चारचे दोन झाले. २००४ मध्ये अकोलाही गेले. त्यानंतर तेथे आधी संजय धोत्रे आणि २०२४ मध्ये अनुप धोत्रे निवडून आले. अकोल्याचा निकाल भाजपकडेच राहिला आहे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून अमरावती अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आपल्या लोकांनी पेढे वाटले. २००९ आणि २०१४ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ निवडून आले. २००९ मध्ये त्यांच्यासमोर दादासाहेबांचे चिरंजीव डॉ. राजेंद्र गवई होते, ते पराभूत झाले. २०१९ मध्ये अपक्ष नवनीत राणा आल्या. त्यांच्या जात प्रमाणपत्राचा वाद उच्च न्यायालयात गेला, २०२१ मध्ये ते रद्द झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ग्राह्य धरले. २०२४ मध्ये काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले. या व्यक्तींच्या गुणदोषांविषयी आम्हाला येथे काही म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की, राखीव झाल्यापासून अमरावतीने एकदाही रिपब्लिकन पक्षाचा खासदार पाठवलेला नाही.

असे का होते? उत्तर अवघड नाही. खुल्या जागेवर मोठ्या पक्षाला आपली गरज असते. तेथे त्याला आपली मते हवी असतात, म्हणून तो बोलणी करतो आणि कधी जागाही सोडतो. राखीव जागेवर त्याला आपल्या पक्षाची गरजच उरत नाही. तो स्वतःचा अनुसूचित जातीचा उमेदवार उभा करतो. उमेदवार कोणीही असला तरी तो कायद्याने अनुसूचित जातीचाच असतो आणि निवडून आणणारी बहुसंख्य मते मात्र इतरांची असतात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. जागांचा आकडा १४८ पर्यंत वाढला, पण प्रतिनिधी निवडण्याचे माप दुसऱ्याच्या हाती गेले. बाबासाहेबांनी हा धोका तेव्हाच ओळखला होता आणि पुढे सविस्तर लिहूनही ठेवला. अमरावतीची ही गोष्ट त्या धोक्याचा वऱ्हाडी दाखला आहे. राखीव जागा नकोत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. संघटना नसेल तर राखीव जागेवर माणूस आपला दिसतो आणि आवाज दुसऱ्याचा निघतो, एवढेच सांगतो.

मग वाट कोणती? वऱ्हाडाने दोन वाटा करून पाहिल्या. एक अमरावतीची वाट. आघाडी करायची, सभागृहात जागा मिळवायची, पदावरून जमेल तेवढे काम करायचे. दुसरी अकोल्याची. प्रकाश आंबेडकरांनी बौद्धांबरोबर माळी, धनगर, बंजारा आणि अशाच छोट्या ओबीसी जातींची मोट बांधली. मखराम पवारांसारखा बंजारा नेता बरोबर घेतला. भारिप बहुजन महासंघाने अकोला जिल्हा परिषद वर्षानुवर्षे हाती ठेवली. लोक याला अकोला पॅटर्न म्हणू लागले. या वाटेवर स्वाभिमान आहे, गावापर्यंत पोहोचलेली संघटना आहे. पण २००४ पासून लोकसभेत जागा नाही. तिरंगी लढतीत मते मिळतात आणि जागा तिसऱ्याला जाते. पहिल्या वाटेवर पद मिळाले पण पक्ष सुकला. दुसरीवर पक्ष टिकला पण दिल्ली दुरावली. गवईवाले अकोल्याला हट्टी म्हणतात, अकोल्याचे गवईंना तडजोडवादी म्हणतात. आणि १९९८ मध्ये दोघेही एकाच युतीत होते तेव्हा दोघेही जिंकले होते, हे दोघेही सांगत नाहीत!

पदाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हेही गवईंच्या उत्तरायुष्यात दिसते. जून २००६ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले. बुद्धगया ज्या राज्यात आहे त्या राज्याचे घटनात्मक प्रमुखपद एका वऱ्हाडी बौद्धाकडे आले. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्मारक समितीची धुरा ज्यांनी वाहिली, ज्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचे लोकार्पण डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले, तोच माणूस पाटण्याच्या राजभवनात. किती अभिमान वाटला होता! पण महाबोधी विहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्याने बांधलेले आहे आणि कायदा बदलणे विधिमंडळाचे काम आहे, राज्यपालाचे नव्हे. २०२५ मध्येही भिक्खूंना त्याच मागणीसाठी बुद्धगयेत उपोषणाला बसावे लागले. आणि दादासाहेब पाटण्याला गेल्यावर तीन महिन्यांत, २९ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजी घडले. विदर्भ पेटला, अमरावतीत पोरे रस्त्यावर आली. त्या वेळी विदर्भातला सर्वांत ज्येष्ठ रिपब्लिकन नेता राजभवनात होता आणि राज्यपालाला मोर्चाच्या पुढे चालता येत नाही. पोरे नेत्यांवर चिडली होती. त्यांची चीड आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिली आणि ती चुकीची होती असे आजही म्हणवत नाही.

केरळात मात्र त्याच राज्यपालाने पदाची ताकद वापरून दाखवली. जून २००९ मध्ये लावलिन प्रकरणात मार्क्सवादी पक्षाचे तेव्हाचे राज्य सचिव पिनराई विजयन यांच्यावर खटला भरण्यास त्यांनी सीबीआयला परवानगी दिली, तीही मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून. मार्क्सवाद्यांनी मोठी टीका केली. पुढे २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने विजयन यांना दोषमुक्त केले, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि दरम्यान २०१६ मध्ये ते मुख्यमंत्रीही झाले. निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण दादासाहेब केवळ सही करणारे राज्यपाल होते, असे कोणी म्हणू नये.

त्यांचे दुसरे चिरंजीव भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावरचे ते पहिले बौद्ध. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात वाढलेला मुलगा तेथे पोहोचला. उपवर्गीकरणाच्या १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात त्यांनी मांडलेल्या क्रिमी लेयरच्या मताशी चळवळीतील अनेक जण सहमत नाहीत, आम्हीही नाही. पण ६ ऑक्टोबर २०२५ ला त्याच सरन्यायाधीशांवर भर न्यायालयात एका वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला तेव्हा आम्हाला एकच गोष्ट दिसली. माणूस सर्वांत उंच खुर्चीवर बसला तरी त्याच्या मागे उभा राहणारा समाज संघटित नसेल तर खुर्ची त्याचे रक्षण करत नाही.

म्हणून त्या पोराला आमचे उत्तर असे. बापू, १९९८ मध्ये आपण जिंकलो कारण आपण एक होतो आणि समोरच्याला आपली गरज होती. आज आपण विखुरलेले आहोत. एकेक गट एकेकटा बोलणी करायला जातो आणि एखादे महामंडळ, एखादी परिषदेची जागा घेऊन परत येतो. राखीव जागेने हे दुखणे बरे होणार नाही. ते बरे होईल ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेत माणसे निवडून आणली तर. तेथली मते हातात असली की परिषदेत जायला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही, आणि लोकसभेच्या बोलणीत आपला माणूस खाली बसत नाही. हे अकोल्याने करून दाखवले आहे. सभागृह कसे चालते, नियम कसा वापरतात, हे अमरावतीने करून दाखवले आहे. एकाची संघटना आणि दुसऱ्याचा संसदीय अभ्यास एकत्र आणणे एवढेच बाकी आहे.

दोन कामे मात्र आजच सुरू करता येतील. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूर अशा प्रत्येक तालुक्यात आपल्या कार्यकर्त्यांनी मतदारयादी हाती घ्यावी आणि आपल्या वस्तीबरोबर शेजारच्या वस्तीतही जावे. दुसरे, दादासाहेबांच्या जयंतीला नुसते हार घालण्याऐवजी त्यांची विधिमंडळातील भाषणे ग्रंथालयातून मिळवून पोरांना वाचायला द्यावीत. तीस वर्षांची ही शिदोरी सरकारी छापील कार्यवाहीत पडून आहे. ती आपण उघडली नाही तर दुसरे कोणी उघडणार नाही.

इर्विन चौकात पुढच्या १४ एप्रिलला तो पोरगा पुन्हा भेटेल. त्याच्या प्रश्नाला शब्दांनी उत्तर आम्ही दिले आहे. मतपेटीतून द्यायचे उत्तर वाचकांच्या हाती आहे. जय भीम.